कापसाचा भाव आणि शेतकऱ्याचा हक्क : वऱ्हाड व आफ्रिका

आंतरराष्ट्रीय कायदा हा आपल्यापासून फार दूरचा विषय आहे, असा आपला समज असतो. परंतु अकोला वा अमरावतीच्या बाजारात कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याचा या कायद्याशी निकटचा संबंध आहे. तोच संबंध आफ्रिकेतील माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड येथील शेतकऱ्याचाही आहे. दोघांचीही पऱ्हाटी मुख्यतः पावसाच्या भरवशावर उभी असते.

सन २००३ मध्ये या चार आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना मोठे अनुदान देतात. त्यामुळे भाव पडला तरी तेथील पेरा घटत नाही. तो कापूस जगाच्या बाजारात येतो आणि भाव आणखी खाली जातो. ज्यांना असा आधार नाही, ते त्यात भरडले जातात.

याच प्रश्नावर ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध तक्रार केली होती. मार्च २००५ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने ब्राझीलची बाजू उचलून धरली आणि २०१४ च्या तडजोडीत अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर दिले. बेनिन, चाड आणि भारत या खटल्यात केवळ त्रयस्थ पक्ष होते. त्यांच्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही. कारण या कायद्यात दाद मागतो तो देश, शेतकरी नव्हे. शिवाय निकाल न पाळणाऱ्यावर दबाव आणण्याचा मार्ग म्हणजे त्याच्या मालावर जादा कर बसविणे. ब्राझीलला ते शक्य होते, बेनिनला नाही.

त्याच काळात वऱ्हाडात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्या घडत होत्या. नापिकी, सावकारी, वाढता खर्च अशी त्याची अनेक कारणे होती. पडलेला भाव हे त्यांपैकी एक. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अमरावती व अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली.

डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबी येथील परिषदेत कापसावरील निर्यात अनुदान बंद करण्याचे ठरले. देशांतर्गत अनुदानाचा प्रश्न मात्र तेथे सुटला नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. पुरेशा उत्पन्नाचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क त्यात मान्य झाला आहे, तथापि तो बंधनकारक नाही.

व्यापाराच्या कायद्यापाशी न्यायपीठ आहे, पण तेथे शेतकऱ्याला उभे राहता येत नाही. हक्कांच्या जाहीरनाम्यात शेतकरी आहे, पण त्यामागे न्यायपीठ नाही. हे अंतर मिटेपर्यंत वऱ्हाडचा आणि मालीचा शेतकरी एकाच रांगेत उभा राहील, हे आपण ध्यानी ठेवावे.