भंडारा रोड ते नेस्को : गेमिंग कन्व्हेन्शनचा चाहता

गेमिंग कन्व्हेन्शन हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा, बनवणाऱ्यांचा, विकणाऱ्यांचा आणि नुसते बघणाऱ्यांचा दोन-तीन दिवसांचा मेळावा असतो. एकाच मोठ्या हॉलमध्ये स्पर्धेचा मंच, नव्या गेमचे स्टॉल, घरचे कॉम्प्युटर आणून खेळणाऱ्यांची टेबले आणि गेममधल्या पात्रांचे वेश केलेल्यांची वर्दळ असे सगळे बरोबरच चालू असते. महाराष्ट्रात हे मेळावे मुख्यतः मुंबईत भरतात. कॉमिक्सच्या चाहत्यांचा कॉमिक कॉन मुंबईत आला आणि पुढे त्यात गेमिंगचा वाटा वाढत गेला. निव्वळ गेमिंगचा म्हणावा असा ड्रीमहॅक 21 ते 23 डिसेंबर 2018 या काळात गोरेगावच्या नेस्को संकुलात झाला. नंतर तो दिल्ली आणि हैदराबादला गेला. ड्रीमहॅकचे मूळ स्वीडनमधल्या मालुंग या लहान गावात आहे. तिथल्या मुलांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शाळेच्या तळघरात आपापले कॉम्प्युटर आणून एकमेकांना जोडले, तिथून हे सुरू झाले. लहान गावातल्या खेळाडूने या मेळाव्यात बिचकण्याचे खरे तर काही कारण नाही.

भंडारा जिल्ह्यातून जाणारा चाहता बहुधा मोबाइलवर खेळणारा असतो. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि 2018 मध्ये पब्जी मोबाइल आला. तुमसर, साकोली, पवनीच्या मुलांनी महागडा गेमिंग कॉम्प्युटर किंवा कन्सोल कधी हाताळलाच नाही. ते थेट फोनवर खेळायला लागले. 2 सप्टेंबर 2020 रोजी पब्जीवर बंदी आली, 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. या सगळ्या काळात खेळाडू एकमेकांना भेटत होते ते फक्त आवाजाने: ‘रश कर’, ‘नॉक झालो’, ‘रिव्हाइव्ह दे’. समोरचा माणूस कसा दिसतो, कुठे बसून खेळतो, याचा पत्ताच नाही. कन्व्हेन्शनला जाण्याचे पहिले मोल इथे आहे.

प्रवास वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून सुरू होतो. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस दुपारी पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी दादर, आणि तिथून पश्चिम रेल्वेची लोकल. रेल्वेने हे अंतर 900 किलोमीटरच्या आसपास भरते, आणि हाच आकडा खेळाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. खेळाडूच्या फोनवरून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात. काचतंतूच्या केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर भंडाऱ्याहून जाऊन-येऊन निव्वळ अंतराचेच 9 मिलिसेकंद होतात. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही, मधली यंत्रे वेळ घेतात, आणि सर्वांत जास्त वेळ फोन ते टॉवर या शेवटच्या टप्प्यात जातो. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की पिंग एकदम उसळी मारतो. काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या गेमच्या स्पर्धांत वापरले जाणारे सर्व्हर सेकंदाला 128 वेळा खेळाची स्थिती ठरवत, म्हणजे दर 7.8 मिलिसेकंदांनी एकदा. याचा अर्थ, बाकी सगळे निर्दोष असले तरी भंडाऱ्याचा खेळाडू केवळ राहतो तिथे राहतो म्हणून एका ठोक्याने मागे पडतो. ‘आधी गोळी मी मारली होती’ ही त्याची तक्रार पुष्कळदा खरी असते.

हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या टेबलांवर ही अडचण उरत नाही. सर्व्हर त्याच छताखाली, केबल काही मीटरची, पिंग एक-दोन मिलिसेकंदांचा. आपला कॉम्प्युटर आणून खेळण्याच्या या विभागात शिरण्याची एक रीत आहे. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड प्रवेशद्वारावर नोंदवले जातात, त्यांवर क्रमांकाचे स्टिकर लागते, आणि बाहेर पडताना तोच क्रमांक पुन्हा ताडून पाहतात. मग ठरलेल्या खुर्चीवर वीज आणि नेटवर्कची केबल मिळते. प्रवासात ग्राफिक्स कार्ड खाचेतून हलते, म्हणून पहिल्या तासात निम्मी टेबले पेचकस घेऊन कॅबिनेट उघडून बसलेली दिसतात. शेजारचा अनोळखी मुलगा टॉर्च धरतो. मोबाइलवाला चाहता इथे फक्त बघ्या असतो. पण गोळी आणि तिचा परिणाम यांत काहीच अंतर नसले की खेळ कसा दिसतो, हे त्याला इथे उभे राहिल्यावरच कळते.

गर्दी सर्वांत दाटते ती मंचासमोर. बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकेल, या प्रकारच्या मोबाइल स्पर्धेत चार-चार जणांचे 16 संघ, म्हणजे 64 खेळाडू एका नकाशावर उतरतात. बीजीएमआयमधला एरँगल हा नकाशा 8 किलोमीटर लांब आणि 8 किलोमीटर रुंद आहे. प्रत्येक खेळाडूला स्वतःपुरता खेळ दिसतो, प्रेक्षकांपुढे मात्र मोठा पडदा एकच. चौसष्टांपैकी या क्षणी कोणाच्या डोळ्यांनी दाखवायचे, हे ठरवणाऱ्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. खेळातली सर्वांत अवघड नोकरी बहुधा हीच असावी, आणि घरी यूट्यूबवर सामना बघणाऱ्याला ती कधी दिसत नाही. ऑब्झर्व्हरची नजर सतत नकाशावर असते: सुरक्षित वर्तुळ कुठे आकसते आहे, कोणता संघ पुलाकडे सरकतो आहे, कोणाच्या गाडीच्या वाटेवर दुसरा संघ दबा धरून आहे. पहिली गोळी सुटण्याच्या आत त्याला त्या खेळाडूवर पोहोचायचे असते. सेकंदभर उशीर झाला की पडद्यावर शांत गवत आणि कोपऱ्यात कोणीतरी बाद झाल्याची ओळ, एवढेच दिसते, आणि हॉलमधून निराशेचा सूर उमटतो. म्हणून मोठ्या स्पर्धेत ऑब्झर्व्हर एकाहून अधिक असतात. प्रत्येक जण नकाशाचा आपला भाग सांभाळतो आणि दिग्दर्शक त्यांतले एक दृश्य उचलतो. समालोचक याच दृश्यावर बोलत असतात. शेवटच्या वर्तुळात तीन संघ उरले की हे काम कानांनी होते. ऑब्झर्व्हर पावलांच्या आवाजावरून ठरवतो की पुढची लढत कुठे होणार.

खेळाडूंची बाजूही वेगळी असते. सगळ्यांना सारखे फोन, सारखे नेटवर्क. हेडफोन बाहेरचा आवाज अडवणारे, कारण प्रेक्षकांना जे दिसते त्यावर झालेला गलका खेळाडूने ऐकला तर झाडामागचा शत्रू त्याला फुकटात कळेल. याच कारणाने इंटरनेटवरचे प्रक्षेपण काही मिनिटे उशिरा सोडतात.

स्टॉलवर दोन प्रकारच्या रांगा लागतात. मोठ्या कंपन्यांच्या रांगा लांब आणि बक्षिसांसाठी. छोट्या स्टुडिओंच्या रांगा आखूड, पण वेळ द्यावा तो इथे. भारतीय गेम बनवण्यात पुण्याचे स्थान मोठे आहे: 2020 मध्ये आलेला ‘राजी’ नॉडिंग हेड्स गेम्सचा, 2024 मध्ये आलेला ‘इंडस’ सुपरगेमिंगचा, दोन्ही स्टुडिओ पुण्याचे. छोट्या स्टॉलवर गेमचा दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा खेळायला ठेवलेला असतो आणि तो बनवणारा माणूस मागे उभा असतो. तो सहसा काही सांगत नाही. खेळणारा कुठे अडखळतो, कोणते दार त्याला दिसतच नाही, कंट्रोलर कधी खाली ठेवतो, हे तो टिपून घेतो. आयुष्यभर अंगठ्याने काच घासून खेळलेला भंडाऱ्याचा मुलगा इथे कंट्रोलर पहिल्यांदा हातात घेतो, आणि चालणे एका अंगठ्याने, बघणे दुसऱ्या अंगठ्याने हे जमेपर्यंत भिंतीला धडकत राहतो. गेम बनवणाऱ्याला ही धडपड उपयोगाची असते, कारण देशातले बहुतेक खेळाडू असेच फोनवरून येणारे आहेत.

वेशभूषेचा विभाग म्हणजे कॉस्प्ले. चिलखत बहुधा ईव्हीए फोमचे: कापायचे, हीट गनने तापवून वाकवायचे, चिकटवायचे, रंगवायचे. हुबेहूब दिसणारी शस्त्रे दारातच तपासली जातात, आणि फोटो काढण्याआधी विचारणे हा नियम कडक पाळला जातो. झाडीपट्टीच्या, म्हणजे भंडाऱ्याकडच्या पूर्व विदर्भातल्या, माणसाला ही हौस परकी वाटत नाही. धान निघाल्यावर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, रात्रभर नाटक चालते, आणि रंगवलेल्या तोंडाचा नट पहाटे चहाच्या टपरीवर भेटतो. कॉस्प्लेवालाही तसाच हेल्मेट काखेत धरून वडापावच्या रांगेत उभा असतो.

परतीचे गणित मात्र जुळत नाही. अंतिम सामना शेवटच्या दिवशी संध्याकाळी रंगतो, आणि विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून सातच्या सुमारास सुटते. दादरला गाडी पकडायची तरी साडेपाचपर्यंत हॉल सोडावा लागतो. मुंबईच्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडत नाही. विदर्भातल्याने एक जादा रजा आणि नंतरचे आरक्षण आधीच ठरवलेले बरे.

गावी परतून स्वतः स्पर्धा भरवायची तर आता कायद्याचाही आधार आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाकडे सोपवले, आणि ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद करून ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे काढले. त्यामुळे तालुक्याच्या गावी स्पर्धा घेणाऱ्यालाही आता हा जुगार नव्हे असे ठामपणे सांगता येते. कन्व्हेन्शन पाहून आलेला चाहता अशी स्पर्धा अधिक नीट भरवतो. कस्टम रूम, म्हणजे फक्त बोलावलेल्यांचा सामना, उघडताना तो एक जागा खेळाडूऐवजी ऑब्झर्व्हरला देतो, प्रक्षेपण काही मिनिटे मागे ठेवतो, आणि गुण मांडायला एक माणूस वेगळा बसवतो: पहिल्या क्रमांकाला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 5, आणि दर फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या दर खेळाडूमागे, 1.