कामगार तरुणाचे घर : भाड्याचे की मालकीचे?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि सीना नदीच्या परिसरात वसलेले नागापूर हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आज सर्वपरिचित झाले आहे. जिल्ह्याच्या जिरायती तालुक्यांतून येथे कामासाठी आलेल्या तरुणांचा पहिला निवारा म्हणजे भाड्याची खोली होय. प्रारंभी दोघे-तिघे मिळून भाडे भरतात. पुढे लग्न होते, मूल शाळेत जाऊ लागते आणि मग घरात एकच प्रश्न वारंवार निघतो : भाडे भरीत राहावे की स्वतःचे घर घ्यावे?

पूर्वीच्या पिढीत नोकरदार माणूस बहुधा निवृत्तीच्या वेळी, भविष्य निर्वाह निधी आणि उपदानाच्या रकमेतून घर बांधीत असे. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना सुरू झाली. १९७७ मध्ये राज्यात गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा) स्थापन झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एचडीएफसीसारख्या संस्थेमुळे दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाची वाटही मध्यमवर्गास खुली झाली. परिणामी पन्नाशीनंतरचे घर तिशीत घेणे शक्य झाले. मात्र त्यासोबत वीस वर्षांचे ऋणही तिशीतच अंगावर येते. म्हणून निर्णयापूर्वी हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

हप्त्याचे गणित

उदाहरणादाखल २० लाख रुपयांचे घर घेऊ. ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम कर्जाऊ मिळू शकते. म्हणजे १८ लाख कर्ज व २ लाख स्वतःचे. महानगरपालिका हद्दीत मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून सुमारे ७ टक्के, म्हणजे आणखी १ लाख ४० हजार रुपये लागतात आणि हा खर्च सामान्यतः कर्जात धरला जात नाही. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते. तरीही सुमारे सव्वातीन ते साडेतीन लाख रुपये आधी हाताशी असणे आवश्यक ठरते.

९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १६,२०० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील १३,५०० रुपये निव्वळ व्याजापोटी जातात. पाच वर्षांत जवळजवळ पावणेदहा लाख रुपये भरूनही मुद्दल केवळ दोन लाखांनी कमी होते. मुदत २० ऐवजी १५ वर्षांची घेतल्यास हप्ता सुमारे दोन हजारांनी वाढतो; परंतु एकूण व्याजात सहा लाखांची बचत होते.

हप्ता कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या दोन-पंचमांशाहून अधिक नसावा, हा व्यवहार्य दंडक मानला, तर या घरासाठी महिना ४० हजारांहून अधिक मिळकत हवी. २५ हजार मिळविणाऱ्या एकट्या कमावत्यास याच हिशेबाने ११ लाखांचेच कर्ज झेपेल. पती-पत्नी दोघेही कमावते असतील, तर चित्र बदलते. कंत्राटी कामगारापुढील अडचण वेगळीच असते. आज हप्ता देण्याची त्याची ऐपत असली, तरी कर्ज देणारी संस्था नियमित पगारपत्रक आणि नोकरीतील सातत्य पाहते. खरा अडसर पहिल्या रकमेचा आणि कामाच्या शाश्वतीचा आहे, तो असा.

स्वस्त गुंठ्याचा मोह

हा अडसर ओलांडण्यासाठी अनेक तरुण शेतजमिनीतील एखादा गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट जागा, साध्या मुद्रांक कागदावर विकत घेतात. किंमत कमी असते, कर्जाची कटकट नसते. परंतु रेखांकन मंजूर नसल्यास बांधकाम परवानगी मिळत नाही, कर्ज मिळणे दुरापास्त होते आणि नोंदणीकृत खरेदीखताअभावी मालकीही सिद्ध होत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडण्यावर १९४७ च्या अधिनियमाने निर्बंध घातलेले आहेत. गुंठेवारी नियमित करण्यासाठी २००१ चा अधिनियम असून २०२१ च्या सुधारणेने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली, हे खरे. पण ती झालेल्या चुकीची दुरुस्ती होय, नव्या चुकीस परवाना नव्हे.

सदनिका घेतानाही दक्षता हवी. महारेरा प्राधिकरणाकडे नोंदविलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून जमा झालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम जमीन व बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या लहान योजनांस ही नोंदणी सक्तीची नाही. अशा ठिकाणी सातबारा, मंजूर नकाशा व पूर्णत्वाचा दाखला ग्राहकानेच तपासावा. नागापूर महानगरपालिकेच्या हद्दीत, तर लगतच्या नवनागापुरात ग्रामपंचायत, अशी स्थिती असल्याने परवानगी कोणाची आहे तेही पाहावे. जागा नदीकाठी असल्यास पूररेषेची खातरजमा करावी.

शासनाचे साहाय्य

१ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (नागरी) २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या, देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांस व्याज अनुदानाची तरतूद आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत व कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के दराने, पाच वार्षिक हप्त्यांत कमाल १ लाख ८० हजार रुपये मिळू शकतात. हे साहाय्य कर्ज सुरू झाल्यानंतरचे आहे; पहिली रक्कम उभारण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

भाड्यात कमीपणा नाही

ज्याचे काम अद्याप स्थिर नाही, किंवा दोन-चार वर्षांत अन्यत्र जाण्याचा संभव आहे, त्याने भाड्याने राहणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. भाड्याचे पैसे फुकट जातात, असे म्हटले जाते. पण कर्जाच्या प्रारंभीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजापोटीच जातो, हे आपण पाहिलेच. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण अधिनियमानुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य मानले जाते. हे ठाऊक असलेला भाडेकरू निर्धास्त राहू शकतो.

या काळात महिना ५,००० रुपये टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत टाकल्यास ३ लाख मुद्दल व व्याज मिळून उपरोक्त पहिली रक्कम उभी राहते. पगार बँकेतूनच घ्यावा आणि पगारपत्रके जपून ठेवावीत. पुढे कर्जासाठी तीच उपयोगी पडतात.

तरुणास घर परवडेल काय, या प्रश्नास एकच उत्तर नाही. दोन मिळकती, जमलेली पहिली रक्कम आणि निर्वेध कागदपत्रे असतील, तर घर अवश्य घ्यावे. यांपैकी एकही गोष्ट उणी असेल, तर नोंदणीकृत करार करून भाड्याच्या खोलीत काढलेली पाच वर्षे वाया जात नाहीत. पुढे उभ्या राहणाऱ्या घराचा पाया त्याच वर्षांत घातला जातो.