म्युझियमला अर्धा दिवस द्या

महिला मंडळाच्या मुंबई सहलीची यादी ठरलेली असते. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, गेटवे, चौपाटी. मधे कुठेतरी म्युझियमला वीस मिनिटं! बायका धावत आत जातात, धावत बाहेर येतात. घरी कुणी विचारलं तर ‘लई मोठं होतं’ एवढंच सांगता येतं. वर्षभर भिशीतून पैसे बाजूला काढायचे ते एवढ्यासाठी?

आमच्या मंडळाच्या सहली मी आखते, म्हणून आग्रहाने सांगते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, म्हणजे जुन्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, अर्धा दिवस द्या. पायाभरणी १९०५ ची, पण पहिल्या महायुद्धात इमारतीत लष्करी इस्पितळ होतं. लोकांना ते खुलं झालं १९२२ मध्ये. घुमट बघून विजापूरचा गोलघुमट आठवेल, तो त्याच्यावरूनच बेतलाय.

आत हजारो वस्तू आहेत. सगळं बघायचा हट्ट धरू नका. दोन-तीन दालनं आधीच ठरवा. शिल्पांचं तळमजल्यावरच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. घारापुरीची महिषासुरमर्दिनी भग्न आहे, तरी तिच्यासमोरून पाय निघत नाही. मग लघुचित्रं. ती वहीच्या पानाएवढी, अगदी जवळ जाऊन बघायची. म्हणून जवळचा चष्मा घरी विसरू नका! मुलं बरोबर असतील तर अकबराचं चिलखत आणि प्राणी-पक्ष्यांचं दालन.

‘आम्हा अडाण्यांना त्यातलं काय कळतंय’ म्हणून काही जणी बाहेर पायरीवर बसून राहतात. त्यांना बसू देऊ नका. वाचता येणाऱ्या एकीने दोघी-तिघींना बरोबर घ्यावं, पाटी वाचून दाखवावी. आमच्यातल्या एक आजी शाळेत कधी गेल्या नाहीत. एका मूर्तीच्या दंडाकडे बघत त्या म्हणाल्या, ‘अशीच वाकी माझ्या सासूची होती. दुष्काळात गहाण गेली, परत आली नाही.’ इतका वेळ पुढे पुढे पळणाऱ्या आमच्या सगळ्याजणी मागे फिरून तिथे गोळा झाल्या.

निघण्याआधी फोन करून वेळ, सुट्टी आणि तिकीट विचारून घ्या. मोठ्या पिशव्या उतरल्या ठिकाणीच ठेवा. डबा आधी खाऊन घ्या. सीएसएमटीहून वीसेक मिनिटं चालावं लागतं, वयस्कर बायकांसाठी टॅक्सी करा. आत शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारून ठेवा, म्हणजे पाणी प्यायला कुणी घाबरणार नाही. चौपाटीची भेळ काय, संध्याकाळी मिळतेच.