विद्यार्थ्याची निद्रा आणि दिवसाची पेंग : कुणकेश्वर किनाऱ्याच्या संदर्भात

वर्गात डुलक्या घेणारा विद्यार्थी हा सामान्यतः चेष्टेचा आणि क्वचित शिक्षेचाही विषय होतो. आळस, अनास्था अथवा बेशिस्त यांपैकी एखादा दोष त्याच्या माथी मारला की पुढील विचाराची गरज उरत नाही. वस्तुतः पेंग हा स्वभावदोष नव्हे. ते एक शारीर लक्षण आहे, आणि कोणत्याही लक्षणाप्रमाणे त्याचीही कारणे शोधावी लागतात. ही कारणे काही अंशी विद्यार्थ्याच्या सवयीत, काही अंशी त्याच्या वयात, तर काही अंशी तो राहतो त्या स्थळी असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वर या समुद्रकाठच्या गावाचे उदाहरण समोर ठेवल्यास या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध स्पष्ट होतो.

निद्रेचे नियमन दोन यंत्रणांकडून होते, असे प्रतिपादन अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये केले. पहिली यंत्रणा म्हणजे साठत जाणारी झोपेची निकड. मनुष्य जितका वेळ जागा राहील तितकी ती वाढते व झोपेनंतर उतरते. मेंदूत साचणारा अ‍ॅडिनोसिन हा पदार्थ या निकडीशी निगडित आहे. चहा-कॉफीतील कॅफिन या पदार्थाचे कार्य काही काळ रोखून धरते. निकड मात्र नाहीशी करीत नाही. शरीरातील कॅफिनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सर्वसाधारणपणे पाच तासांच्या आसपास अवधी लागतो. म्हणजे अभ्यासासाठी रात्री दहाला घेतलेल्या चहाचा अर्धा अंश पहाटे तीनलाही अंगात असतो. दुसरी यंत्रणा म्हणजे शरीरातील घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या चेता मेंदूच्या तळाशी जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगत वर असलेला एक लहानसा पेशीपुंज हे घड्याळ चालवितो आणि प्रामुख्याने उजेडावरून ते जुळवून घेतो. पेशींमधील या कालगणनेची रेणवीय घडण उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे घड्याळ आयुष्यभर एकाच गतीने झोपेची वेळ दाखवीत नाही. वयात येताना ते उशिराकडे सरकू लागते, असे मेरी कार्सकॅडन यांच्या संशोधनातून पुढे आले. आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास ही सरकण पराकोटीस पोहोचून नंतर हळूहळू ओसरते, असे टिल रोनेबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. ज्या वयात विद्यार्थी महाविद्यालयात असतो, नेमक्या त्याच वयात त्याचे शरीर रात्री उशिरा झोपू व सकाळी उशिरा उठू पाहते. या वयाला रात्री ७ ते ९ तास झोप आवश्यक मानली जाते. रात्री साडेबारापर्यंत झोप न येणाऱ्या आणि सकाळी सहाला उठावे लागणाऱ्या मुलाचा हिशेब साडेपाच तासांवर थांबतो. रविवारी तो दहापर्यंत झोपला, म्हणजे घरातील वडीलधारे रागावतात. पण ती झोप बहुधा मागील आठवड्याच्या देण्याची फेड असते.

आता स्थळाचा विचार करू. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. कुणकेश्वर त्याच्या पश्चिमेस नऊ अंशांहून थोडे अधिक दूर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३६ मिनिटे मागे असतो. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबई शहराने ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती, ती हट्टापायी असे कोणी म्हणो; पण पश्चिम किनाऱ्यावरील सूर्याशी तीच अधिक जुळणारी होती. कुणकेश्वरास जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि सह्याद्रीकडील डोंगरांमागून वर येण्यास त्यास आणखी थोडा वेळ लागतो. सकाळच्या सत्रातील महाविद्यालय साडेसातला भरत असेल, तर गावातून निघून एस. टी. गाठणारा विद्यार्थी अंधारातच उठतो. घड्याळास पुढे आणणारा सकाळचा उजेड त्यास मिळत नाही. उलट पश्चिमेस मोकळा समुद्र असल्याने मे महिन्यात सातपर्यंत उजेड राहतो, व त्यानंतर विजेचे दिवे आणि हातातील मोबाईल तोच उजेड मध्यरात्रीपर्यंत लांबवितात. उशिराचा सूर्यास्त आणि मुलांची कमी झोप यांचा संबंध मौलिक जगनानी यांनी भारतातील माहितीच्या आधारे दाखविला आहे, तो या दृष्टीने लक्षणीय होय.

किनाऱ्यावरील जीवनक्रमात जागरणास मानाचे स्थान आहे. महाशिवरात्रीस कुणकेश्वराच्या यात्रेत रात्रभर दर्शनाची रांग चालते. जत्रांच्या हंगामात दशावताराचे नाटक पहाटेपर्यंत रंगते. अशी एखादी रात्र निरोगी तरुणाचे फारसे बिघडवीत नाही. पुढील एकदोन रात्रींच्या झोपेने शरीर बरेचसे सावरते. खरा धोका असतो तो त्या रात्रीनंतरच्या प्रवासात. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हस्त-नेत्र कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते, असे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगात आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के एवढीच आहे. यात्रेहून पहाटे दुचाकीवर परतणाऱ्या तरुणाने थेंबभरही मद्य घेतलेले नसते, तरी घाटवळणावर त्याची सावधता कायद्याने मद्यपी ठरविलेल्या चालकाहून बरी असेलच असे नाही.

तथापि नित्याची अपुरी झोप याहूनही फसवी असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅन डोंगेन व सहकाऱ्यांच्या प्रयोगात निरोगी प्रौढांना १४ दिवस मर्यादित झोप देण्यात आली. रोज ६ तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कार्यक्षमता दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसापर्यंत खाली जाऊ शकते, असे दिसून आले. यातील चिंताजनक भाग असा की, या व्यक्तींना आपली घसरण फारशी जाणवत नव्हती. ‘मला सवय झाली आहे’ हे विद्यार्थ्याचे उत्तर म्हणूनच पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. शिवाय गाढ निद्रा रात्रीच्या पूर्वार्धात, तर स्वप्नयुक्त निद्रा उत्तरार्धात अधिक असते, आणि वाचलेले मनात रुजण्यास निद्रा साहाय्यभूत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप छाटणारा विद्यार्थी पेरणी करून पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्यासारखा वागतो.

पेंगेचे मोजमाप करण्याची साधी साधने उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियातील मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ श्रेणी आठ प्रसंगांविषयी विचारते: बसून वाचताना, जेवणानंतर शांत बसले असता, तासभर वाहनातून प्रवास करताना डुलकी लागण्याचा संभव किती? प्रत्येकास ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेल्यास पेंग प्रमाणाबाहेर समजावी. तिच्या जोडीला दोन आठवड्यांची निद्रानोंद ठेवल्यास, झोपेच्या वेळा व सुट्टीच्या दिवशीचा फरक लख्ख दिसतो. पुरेशी झोप घेऊनही पेंग राहत असेल, किंवा मोठ्या घोरण्यासह श्वास अडत असेल, तर वैद्यकीय तपासणी अगत्याची ठरते. रक्तक्षय व थायरॉइडच्या विकारांचाही विचार तेथे व्हावा.

उपाय खर्चाचे नाहीत. उठण्याची वेळ सुट्टीतही फार न बदलणे, उठताच काही वेळ मोकळ्या उजेडात राहणे, दुपारनंतर चहा आवरणे, अंथरुणावर मोबाईल न नेणे, आणि दुपारी वीस मिनिटांची डुलकी घेणे, एवढ्यानेही बरेच साधते. विद्यार्थ्याने श्वानासारखी सावध झोप घ्यावी असे एक सुभाषित सांगते. पण आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेस शरीराचा आधारस्तंभ मानणारी चरकसंहिता, दिवसाच्या झोपेस सामान्यतः मज्जाव करूनही, अध्ययनाने थकलेल्यास ती मोकळी ठेवते. मात्र सर्व भार विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. पहिल्या तासाची वेळ, एस. टी.चे वेळापत्रक व परीक्षेचे वेळापत्रक ही त्याच्या हातात नसतात. पश्चिम किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी पहिला तास अर्ध्या तासाने जरी पुढे ढकलला, तरी सूर्याने मागे ठेवलेली ३६ मिनिटे बहुतांशी भरून निघतील. तोवर वर्गात मान खाली गेलेल्या मुलाला उभे करण्यापूर्वी, तो किती वाजता उठला एवढे विचारणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.