पुस्तक कानांसाठी हवे!

आमच्या महाविद्यालयात ‘संगीत आस्वाद’ हा प्रास्ताविक अभ्यासक्रम सुरू व्हायचा ठरला आणि पाठ्यपुस्तक निवडण्याच्या समितीवर मराठीचा प्राध्यापक म्हणून माझी वर्णी लागली. गाणे न शिकलेला, पण आवडीने ऐकणारा एक माणूस त्यांना हवा होता. विद्यार्थीही तसेच येणार. कुणी शास्त्र शाखेचे, कुणी वाणिज्याचे.

टेबलावर पहिला ढीग पडला तो परीक्षेच्या पुस्तकांचा. रागाचे नाव, थाट, आरोह, अवरोह, वादी, संवादी, गानसमय! पाठांतराला सोयीचे आणि पेपर तपासायला त्याहून सोयीचे. मी भूप आणि देशकार यांची पाने शेजारी शेजारी उघडली. दोहोंत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. एवढे लिहिले की गुण पदरात. पण तेच राग कानांवर पडले, तर हा मुलगा ओळखील काय? भूप गंधाराशी विसावतो, देशकार वर धैवताभोवती रमतो, हे ऐकूनच कळायचे. पंचांग पिळले म्हणून काही पाऊस पडत नाही!

मग पंडित भातखंडे यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आली. सहा भाग, स्वरलिपीत बांधलेल्या शेकडो चिजा. त्यांचे ऋण फिटणारे नव्हे. पण ही पुस्तके मुख्यतः गाणाऱ्याच्या कामाची. वामनराव देशपांडे यांचे १९६१ सालचे ‘घरंदाज गायकी’ मात्र ऐकणाऱ्याशी बोलते. किराणा घराणे स्वराकडे अधिक झुकते, आग्रा लयीकडे, हे वाचले की दोन्हींचे गाणे लावून पाहावेसे वाटते. प्रा. बी. आर. देवधरांच्या ‘थोर संगीतकार’मध्ये गवई माणसे म्हणून भेटतात.

“पण सर, ऐकण्याला गुण द्यायचे कसे?” एका सहकाऱ्यांनी रास्त शंका काढली. मी म्हटले, “परीक्षेत दोन ध्वनिमुद्रणे ऐकवू. मुलाने काय ऐकले, ते स्वतःच्या शब्दांत लिहावे.”

अमेरिकन संगीतकार आरन कोपलंड यांनी श्रोत्यांसाठी १९३९ साली पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनीही बजावले होते की, नुसते पुस्तक वाचून रसिकता येत नाही.

शेवटी ठरले ते असे: देवधर मुलांच्या हाती, देशपांडे शिकवणाऱ्याच्या टेबलावर, भातखंडे ग्रंथालयात, आणि निम्मे तास केवळ श्रवणाला.

वाचकहो, तुमच्या घरी असा विद्यार्थी असेल, तर त्याला एका संध्याकाळी किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाही जाणत्या गवयाचा देशकार. फरक त्याला सांगू नका. त्यालाच सांगू द्या!