छत्तीस झाकणांची गाडी

जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन उतरवून तिथे मोटर बसवणं हे काम एकदाच करावं लागतं. बॅटरी सांभाळण्याचं काम मात्र गाडी असेपर्यंत संपत नाही. घरी इलेक्ट्रिक केलेल्या गाडीची चर्चा मोटर, कंट्रोलर आणि किलोमीटरवरच थांबते. परभणीच्या हवेत ही गाडी किती वर्षं टिकेल, हे ठरतं ते मालक बॅटरीचं मोजमाप किती नेमाने ठेवतो यावर.

साधी रचना घेऊ. १२ व्होल्टच्या ६ ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की ७२ व्होल्ट मिळतात. प्रत्येकीत ६ सेल, म्हणजे एकूण ३६ सेल आणि पाणी भरायची ३६ झाकणं. करंट सगळ्यांतून सारखाच वाहतो. त्यातला एक सेल कमजोर असला तर तो आधी रिकामा होतो, पण उरलेले ३५ त्याच्यातून करंट ढकलतच राहतात आणि शेवटी त्याची ध्रुवता उलटते. चार्जर फक्त एकूण व्होल्टेज पाहतो, त्यामुळे मागे पडलेला सेल अर्धपोटीच राहतो आणि त्याच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. ३५ चांगल्या सेलची ताकद अशी एका सेलपाशी अडते. म्हणून ठरावीक काळाने बारीक करंटवर जादा वेळ समतोल चार्जिंग करायचं, डिस्टिल्ड वॉटरच भरायचं आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधल्या ॲसिडचं विशिष्ट गुरुत्व वेगळं तपासायचं.

इथे परभणीचं हवामान आडवं येतं. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो आणि हिवाळ्यात पहाटे एक अंकी आकड्यावर येतो. हायड्रोमीटरचं वाचन २७ अंशांना धरून असतं. त्याहून वरच्या प्रत्येक अंशामागे ते सुमारे ०.०००७ ने उतरतं. ४२ अंशांच्या ॲसिडमध्ये १.२३० दिसलं तर खरा आकडा १.२४० च्या आसपास असतो. हे न कळल्यास भरलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लागते. चार्जरचंही तसंच आहे. तापमान १५ अंशांनी वाढलं की ३६ सेलच्या संचाला सुमारे २ व्होल्ट कमी पुरतात. वर्षभर एकच सेटिंग ठेवलं तर उन्हाळ्यात पाणी वायू होऊन उडून जातं आणि थंडीत बॅटरी पुरती भरत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट वापरलं की ही कटकट मिटते, असा आक्षेप येईल. पाणी भरण्याची कटकट खरंच मिटते, वजनही बरंच घटतं. पण तिथेही सेल सिरीजमध्येच असतात. साध्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीममधलं (बीएमएस) समतोल साधणारं सर्किट बहुधा काही दहा मिलीअँपियरच जिरवतं. मोठी तफावत त्याच्या आवाक्याबाहेरची असते, आणि खडबडीत रस्त्यावर सैल झालेला बोल्ट त्याला घट्ट करता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की लोडशेडिंगने मराठवाड्यात घरोघरी इन्व्हर्टर आणले, बॅटरीवाले गावोगाव आहेत, मग अडचण कसली? बॅटरीवाल्यांचं कसब मोलाचंच आहे. फरक असा, की इन्व्हर्टरची बॅटरी अनेक तासांत सावकाश उतरते आणि गाडी तीच एका तासात उपसते. अशा वेळी छापील क्षमतेच्या जेमतेम निम्मी हाती लागते.

खऱ्या अडचणी याच्या पुढे सुरू होतात. १५० अँपियर-अवरच्या ६ बॅटऱ्यांचं वजन ३०० किलोच्या वर जातं. ब्रेक आणि स्प्रिंग त्या ओझ्यासाठी बनवलेले नसतात. चार्जिंगमध्ये सुटणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांवर पोचला की पेट घेऊ शकतो, त्यामुळे बंद डिकीत चार्जिंग धोक्याचं आहे. रस्त्यावर उतरायचं तर एआयएस-१२३ मानकानुसार मंजूर किट आणि आरटीओच्या नोंदीत बदल लागतो. स्वतः जुळवलेली गाडी तिथेच अडते, आणि ही अट सुरक्षेसाठी योग्यच आहे. मेलेली बॅटरी भंगारात फोडली तर शिसं मातीत आणि विहिरीत उतरतं. ती अधिकृत पुनर्वापराकडेच जावी, असा २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांचा आग्रह आहे.

म्हणून बदलाची सुरुवात मोटरीच्या खरेदीपासून होऊ नये. प्रत्येक सेलपर्यंत हात पोचेल अशी पेटी आणि प्रत्येक सेलचा आकडा, तारीख, तापमान लिहिलेली वही या दोन गोष्टी आधी हव्यात. आयटीआयने ही वही शिकवली आणि बॅटरीवाल्यांनी ती उचलली, तर या जिल्ह्यात बदललेल्या गाड्या टिकतील. नाहीतर बॅटऱ्यांचे संच बदलण्यातच पेट्रोलचे वाचलेले पैसे जातील.