शेवटच्या ओळीतला पत्ता

अमेरिकेच्या मिझुरी, आयोवा, इलिनॉयसारख्या राज्यांत एकोणिसाव्या शतकात खेड्यातला माणूस गेला की बरेचदा त्याला शेताच्या कडेलाच, एखाद्या उंचवट्यावर पुरत. पुढे कुटुंब आणखी पश्चिमेला सरकलं, जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने दगड बाजूला सारून मका पेरला. अशा हरवलेल्या दफनभूमी शोधताना सर्वांत उपयोगी पडतात ती त्या भागातली जुनी साप्ताहिकं.

त्यांतल्या निधनवार्ता पाल्हाळिक: शेवटचं दुखणं, देवावरची श्रद्धा, अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी. आपल्याकडे ‘त्यांच्या पश्चात’ हे वाक्य ठरलेलं, तसं तिथे दफन कुठे झालं याचं. अमक्याच्या दफनभूमीत, गावाच्या ईशान्येला पाच मैलांवर. बाकीचं गुणगान खुशाल गाळावं.

मात्र हे मैल घोडागाडीच्या वळणदार रस्त्याचे. शिवाय जमिनीचा मालक बदलला की दफनभूमीचं नावही बदलायचं. १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल सुरू झालं तशी हजारो छोट्या टपाल कचेऱ्या बंद पडल्या आणि त्यांच्याबरोबर वस्त्यांची नावंही नकाशावरून गेली. म्हणून एका बातमीवर विसंबू नये. दोन-तीन गावांच्या वृत्तपत्रांतली अंतरं नकाशावर मांडली की ती एकमेकांना छेदतात, आणि शोधायचा टापू आवळत जातो.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात जुनी पत्रं फुकट वाचता येतात. पण पुसट छपाईतली अक्षरं संगणक चुकीची वाचतो. त्यामुळे मृताचं आडनाव टाकून बरेचदा काही मिळत नाही. मुरलेले शोधक शेजाऱ्याचं, पाद्र्याचं किंवा जवळच्या शाळेचं नाव टाकतात. मग जिल्ह्याचा जुना नकाशासंग्रह उघडायचा. १७८५ च्या कायद्याने आखलेल्या मोजणीत सहा मैल लांब-रुंद चौकोनाचे छत्तीस तुकडे, आणि या नकाशांत तुकड्यातुकड्यावर मालकाचं नाव. मिझुरीत १९१० पासूनच्या मृत्यूदाखल्यांत दफनाच्या जागेचा रकाना आहे, तोही पडताळून पाहता येतो.

प्रत्यक्ष जागेवर हिवाळ्यात जावं, मालकाला विचारून. गवत बसलेलं असतं, तेव्हा पूर्व-पश्चिम खचलेले लांबट खड्डे दिसतात. रानात मध्येच सदाहरित व्हिंकाची वेल पसरलेली, शेजारी जुना लाल सीडर, म्हणजे बहुधा जागा तीच. कबरींवर ती वेल मुद्दाम लावत.

या पद्धतीची मोठी उणीव अशी, की पत्रात ज्याचा मृत्यू छापलाच नाही त्याचा पत्ता तिच्याने लागत नाही. गोऱ्यांच्या पत्रांत कृष्णवर्णीयांचे मृत्यू क्वचितच येत. फ्लोरिडातल्या टॅम्पामधली कृष्णवर्णीयांची झायॉन दफनभूमी तर शहरातली, १९०१ मधली. तरीही तिच्यावर घरं उभी राहिली आणि ती विस्मृतीत गेली. २०१९ मध्ये स्थानिक दैनिकाने ती शोधून काढली, तेव्हा मृत्यूदाखले कामी आले. मग जमिनीत डोकावणाऱ्या रडारने शंभरावर शवपेट्या दाखवल्या. दक्षिणेकडच्या खेड्यांतही कृष्णवर्णीयांच्या कबरी शोधायच्या तर वर्तमानपत्रांआधी दाखले आणि अंत्यविधी करणाऱ्यांच्या वह्या चाळाव्यात.